खांबांवरचे महाचार्य

एका राज्यात एक विद्यापीठ होते. राज्याला नावही होते, पण विद्यापीठापुढे ते कुणाच्या लक्षातच राहत नसे. चिंचेखाली वर्ग भरत. शिकवणारा दगडी पाटावर बसे, शिकणारे मातीत बसत, आणि फांद्यांवरच्या साळुंक्या ऐकून ऐकून पाठ म्हणत.

त्या विद्यापीठाला दर्दुरक नावाच्या मायावी पुरुषाने एक पेटी दिली होती. पेटीत सोन्याचा एकच तुरा. एका पिढीत एकाच माणसाच्या पागोट्यात तो खोवायचा आणि त्याला आचार्य म्हणायचे, असा नेम. तुरा खोवला की त्याच्याखालचा दगडी पाट वीतभर उंच होई. मागे बसलेल्यांना तोंड दिसावे, एवढ्याचसाठी. आचार्याने देह ठेवला की पाट खाली बसे, तुरा पेटीत परत येई, आणि झाकण आपोआप लागे. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले आणि कुणाचे काही अडले नाही.

मग रत्नकेतू गादीवर आला. राजा मनाचा चांगला, पण चारचौघांत आपले कसे दिसते याचा त्याला फार घोर. शेजारच्या राज्यात विद्वानांची परिषद भरली. तिथे बसायची जागा उपाधी पाहून मिळे. आपला आचार्य तेवढा पुढे बसला. बाकीच्या भल्याभल्यांना दाराशी, जोड्यांजवळ बसवले. राजाच्या ते जिव्हारी लागले. परत येताच त्याने पेटी मागवली. तुरा आचार्याच्या डोक्यावर होता, तेव्हा पेटी रिकामी असायला हवी. पण राजाने हात घातला तर हाताला तुरा लागला. तो काढला, तर खाली आणखी एक. राजाला वाटले, पूर्वजांचा खजिना सापडला. खजिना कसला, ती पेटीच होती. जितके काढावे तितके त्यातून निघे, आणि झाकण मात्र पुन्हा लागेना.

त्या दसऱ्याला विद्यापीठातले सगळे पंडित आचार्य झाले. सगळेच आचार्य म्हटल्यावर जुन्या आचार्याला महाचार्य करणे भाग पडले. शेजाऱ्यांनी हे ऐकले आणि आपले सगळे आचार्य महाचार्य करून टाकले. मग इकडचे परममहाचार्य झाले. मग तिकडचे राजमान्य परममहाचार्य झाले. पुढे पुढे उपाधी उच्चारता उच्चारता माणसाला धाप लागे आणि त्यापुढचे नाव घ्यायचे राहूनच जाई. घंटा वाजवणारा नादमहाचार्य झाला, दार उघडणारा द्वारमहाचार्य झाला, मग दरबारात आणि गावोगावीही तुरे वाटले गेले. शिकायला आलेल्यांनाही येता येताच तुरे मिळाले. शिकायचे म्हणजे खाली बसायचे, आणि खाली बसायला आता कोण तयार होणार?

दर दसऱ्याला पाट जेवढा उंच असेल तेवढाच आणखी वाढे. पाटांचे चौथरे झाले, चौथऱ्यांचे खांब झाले. आधी पायऱ्या होत्या, मग शिड्या आल्या, मग शिडीही पुरेना. सगळेच सारखे वाढत, म्हणून आपण चढलो असे कुणालाच वाटत नसे. शेजारचा पुढे गेला नाही एवढेच समाधान. तुरा डोक्यावर असेपर्यंत पाऊल दगडावरून सुटत नसे. तुरा काढला तर खांब खाली येई, हे सर्वांना ठाऊक होते. पण चारचौघांसमोर तुरा काढणे म्हणजे पागोटे उतरवण्यासारखे. ते कोण करणार?

त्या खांबांत एक खांब पुष्करभटाचा होता.

पुष्करभट जमिनीखालच्या पाण्याचा जाणकार. विद्यापीठात तो हीच विद्या शिकवी. शिकवताना शिष्यांना घेऊन माळावर जाई, पालथा पडून मातीला कान लावी, आणि सगळ्यांना तसेच पडायला लावी. परतताना गुरू कोण आणि शिष्य कोण हे ओळखू येत नसे, सगळ्यांचाच एक कान मातीने माखलेला असे. घरी आला की आधी पायरीवर बसून बायकोला विचारी, "आज काय झालं?" आणि ती जे सांगेल ते सगळे ऐकून घेई. तिचे नाव कुमुद्वती.

पहिला तुरा आला तेव्हा पुष्करभट नको म्हणाला होता. "मी उंच बसून काय करू? माझं काम खाली आहे." राजाची माणसे परत गेली. मग नदीवर बायका कुमुद्वतीला विचारू लागल्या, "का हो, यजमानांचं काही चुकलं का? की राजाची खप्पामर्जी झाली?" कीव करणाऱ्यांचा त्रास भांडणाऱ्यांपेक्षा जास्त. एके दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "अहो, घ्या ना तुम्हीही. सगळ्यांनी घेतलाय." त्याने तिच्याकडे पाहिले आणि घेतला. तिच्या शब्दाखातर घेतला, हे तिला तेव्हाच कळले होते. त्यानंतर दर दसऱ्याला तो तिच्यापासून दूर गेला, आणि दर दसऱ्याला तिने जेवणाच्या टोपलीचा दोर वाढवला.

गावोगावच्या विहिरींचे दोर असेच खांबांना लागले होते. कुमुद्वतीने आधी रहाटाचा दोर जोडला. मग गाय विकली आणि तिचे दावे जोडले. मग लुगड्याच्या पट्ट्या काढून त्यांना पीळ दिला आणि त्याही जोडल्या. संध्याकाळी ती टोपली बांधी, दोराला हिसका देई, टोपली वर वर जाऊन दिसेनाशी होई. काही वेळाने रिकामी टोपली खाली येई. त्यात कधी काही नसे. वर होते काय पाठवायला? सुरुवातीला ती मान वर करून हाका मारी. मग हाका मारणे सुटले. ती खांबाच्या तळाशी उभ्याउभ्याच दोन घास खाई आणि घरी जाई. घरात बोलायला कुणी नव्हते, म्हणून ती चुलीशी बोले, आणि चूल काही उत्तर देत नसे.

दसरा पुन्हा जवळ आला. खांब आता दुप्पट होणार, आणि दोर वाढवायला घरात सुतळीचा तोडाही उरला नव्हता. साऱ्या राज्यातले दोर एकत्र केले असते तरी पुरले नसते. या दसऱ्यानंतर टोपली वर जाणार नव्हती, आणि तो तिथे उपाशी मरणार होता. कुमुद्वती खांबाला टेकून खाली बसली आणि रडली.

"बाई, रडता का?" चिंचेवरून आवाज आला. म्हातारी साळुंकी होती. वर्ग बंद पडल्यावर बाकीच्या साळुंक्या उडून गेल्या होत्या, ही एकटी राहिली होती.

"तू वर जातेस?" कुमुद्वतीने विचारले.

"जाते. पंख दुखतात, पण जाते."

"वर काय ऐकू येतं?"

"जो तो आपली उपाधी म्हणतो. सकाळी सुरू करतो, दुपारी संपते. मग पुन्हा पहिल्यापासून."

"आणि आमचे?"

"ते म्हणत नाहीत. ते संध्याकाळी खाली वाकतात आणि विचारतात, आज काय झालं?"

कुमुद्वतीने डोळे पुसले आणि ती सरळ राजाकडे गेली.

दरबार ओस पडला होता. प्रधान, सेनापती, वैद्य, सगळे आपापल्या खांबावर. राजा रत्नकेतू उघड्या पेटीचे झाकण दोन्ही हातांनी दाबून एकटाच बसला होता.

"महाराज, यंदा तुरे देऊ नका."

"मी आता देतच नाही, बाई. सीमोल्लंघनाची वेळ झाली की ते आपणहून उडतात आणि डोकी शोधतात. ही पेटी बंद कशी होते ते एकट्या दर्दुरकाला ठाऊक."

"मग त्याच्याकडे का जात नाही?"

"पेटीवरचे हात काढले की तुरे माझ्यावरच धावतात," राजा म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही थोडा वेळ बसाल का? इथे फार दिवसांत कुणी आलं नाही."

ती थोडा वेळ बसली. मग साळुंकीला खांद्यावर घेऊन निघाली.

दर्दुरकाची वाट साळुंकीला माहीत होती. वाटेत बोलक्या धोंड्यांचा माळ लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला धोंडे अडवीत आणि गडगडत म्हणत, "आपली उपाधी?" ती ऐकली की त्याहून मोठी म्हणून दाखवीत आणि माणसाला परत पाठवीत. कुमुद्वतीला त्यांनी अडवले.

"उपाधी नाही," ती म्हणाली.

यावर काय बोलायचे हे धोंड्यांना कुणी शिकवले नव्हते. ती त्यांच्यामधून चालत गेली आणि कुणी तिच्याकडे पाहिलेही नाही. एवढे तिच्या अंगवळणी पडलेच होते.

माळापलीकडे एक कोरडी बारव होती. पायऱ्या उतरत जावे तसा उजेड हिरवा होत जाई. तळाशी दर्दुरक बसला होता. त्याची दाढी पायऱ्यांच्या सांध्यांत रुजली होती.

"पेटी बिघडली का?" त्याने विचारले.

"बंद होत नाही, बाबा."

"ती मी तीन गोष्टींवर बसवली होती. शिकणारा, शिकवणारा, आणि दोघांमधला प्रश्न. तिन्ही गेल्या, म्हणून ती उघडी राहिली. तिन्ही तिच्यासमोर आण. पहिली, ज्याच्या डोक्यावर कधी तुरा बसला नाही असं माणूस."

कुमुद्वतीने डोक्यावरचा पदर मागे सारला. राजाची माणसे तिलाही तुरा द्यायला आली होती, पण तेव्हा ती टोपलीचा दोर धरून उभी होती. हात मोकळे नाहीत म्हणाली, तशी ती माणसे चिडून गेली आणि पुन्हा आली नाहीत. दर्दुरकाने तिच्या केसांकडे नीट पाहिले.

"एक झालं," तो म्हणाला. "दुसरी, न मागता काढलेला तुरा. कुणी काढ म्हणून सांगितलं, विनवलं, खुणेने सुचवलं, तर तो फुकट."

"आणि तिसरी?"

"असा प्रश्न, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक नाही, पण हवं आहे."

"एवढंच?"

दर्दुरक हसला. "जा बाई. एवढंच."

ती परत आली तेव्हा दसरा तोंडावर होता. तिने राजाला सगळे सांगितले. त्याने पेटी छातीशी धरून चिंचेखाली आणून ठेवली.

"मग आपण तुमच्या यजमानांना निरोप धाडू," राजा म्हणाला.

"सांगून चालत नाही, महाराज."

"आडून सुचवू."

"तेही चालत नाही."

राजाच्या साऱ्या कारकिर्दीत त्याला असे कोडे पडले नव्हते. त्याला एक तर द्यायचे माहीत, नाहीतर मागायचे. तो पेटीवर हात ठेवून बसून राहिला.

कुमुद्वतीने संध्याकाळी टोपली वर पाठवली. मग साळुंकीला जवळ घेतले. "ते रोज विचारतात ना, आज काय झालं? तर त्यांना एवढं सांग. आज डाळ करपली. शेजारच्या म्हशीला रेडकू झालं, त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. कुंपणावर कारली लागली आहेत."

साळुंकी गेली आणि अंधार पडता पडता परत आली.

"काय म्हणाले?"

"काही नाही. रडले. मग म्हणाले, ठिपका मोठा आहे की लहान?"

त्यानंतर ती रोज निरोप पाठवी. भिंतीचा पोपडा पडला. ताक आंबट झाले. पुढच्या आळीतल्या म्हाताऱ्या बाई गेल्या, त्यांचे सगळे वर होते, खांदा द्यायला माणसे मिळेनात, तेव्हा बायकांनीच नेले. रोज निरोप संपला की साळुंकी विचारी, "आणखी काही सांगू?" आणि कुमुद्वतीच्या अगदी जिभेवर येई, की अहो, खाली या. दोन शब्द. ती ओठ मिटून मान हलवी. ते शब्द उच्चारले तर तो आला असता, हे तिला पक्के ठाऊक होते. बायकोच्या शब्दाखातर चढलेला माणूस बायकोच्या शब्दाखातर उतरलाही असता. पण मग तुरा फुकट गेला असता, बाकीचे सगळे तिथेच राहिले असते, आणि पेटीतला दुसरा तुरा दसऱ्याच्या संध्याकाळी त्याच्या डोक्यावर येऊन बसला असता.

दसरा उजाडला. दुपार कलली. पेटीत तुरे खळखळू लागले. राजा झाकणावर आडवा पडला होता आणि तरीही फटींतून सोने बाहेर डोकावत होते. खांबांच्या तळाशी घरोघरच्या बायका, म्हातारी माणसे आखूड दोर हातात धरून उभी होती.

"आज काय सांगू?" साळुंकीने विचारले.

कुमुद्वतीला काही सुचेना. आज एका गोष्टीखेरीज दुसरे काही झालेच नव्हते. ती म्हणाली, "सांग, की आज आपल्या विहिरीचा तळ उघडा पडला. मी त्यांच्यासारखी पालथी पडले, मातीला कान लावला, पुष्कळ वेळ ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही."

साळुंकी उडाली. वारा होता, ती दोनदा ढळली, मग ढगात शिरली.

वर पुष्करभट वाटच पाहत होता. त्याने निरोप ऐकला. खांब त्याचाच, आणि खांबाचे मूळ त्याच्याच गावच्या मातीत. तो खांबावर पालथा पडला आणि जन्माच्या सवयीने दगडाला कान लावायला गेला. पागोट्यातला तुरा दगडाला अडू लागला. कान काही टेकेना. त्याने तुरा उपसून बाजूला ठेवला आणि कान लावला. आपण काय केले हे त्याच्या ध्यानातही आले नाही. त्याचे सगळे लक्ष खाली होते.

खांब उतरू लागला.

खाली उभ्या असलेल्यांनी आधी ढगातून पागोटे पाहिले, मग पालथे पडलेले माणूस पाहिले. खांब जमिनीला टेकला तरी पुष्करभट तसाच पडून होता. मग त्याने डोळे उघडले, आणि कुमुद्वतीची पावले त्याला समोर दिसली.

"दोन झाल्या! आता प्रश्न, प्रश्न विचारा!" राजा पेटीवरून ओरडला आणि त्यानेच सुरुवात केली. "सांगा, तत्त्वे किती? लक्षणे कोणती? व्याख्या करा!" पेटी खळखळतच राहिली. ज्या प्रश्नांची उत्तरे राजाला लहानपणीच पाठ होती तेच प्रश्न तो विचारत होता. दुसरे प्रश्न त्याला येतच नव्हते. सूर्य शमीच्या झाडाआड गेला. झाकण उचलले जाऊ लागले आणि राजा त्याबरोबर वर जाऊ लागला.

पुष्करभटाचे तिकडे लक्ष नव्हते. तो उठून बसला होता आणि बायकोकडे पाहत होता. तिच्या तळहातांवर दोराचे घट्टे पडले होते. गालाची हाडे वर आली होती. खांबाच्या तळाशी दगडावर एक द्रोण पालथा घातलेला होता, आणि तिथली जमीन कुणीतरी रोज येऊन उभे राहावे तशी चोपून गुळगुळीत झाली होती. वर त्याला रोज टोपली मिळे. टोपली भरणारी कुठे जेवते, कशी जेवते, हे त्याच्या कधी मनातच आले नव्हते. त्याने द्रोणाकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले.

"इतके दिवस," त्याने विचारले, "तू एकटीच जेवत होतीस?"

कुमुद्वतीने पुष्कळ दिवस बोलायचे धरून ठेवले होते. त्यातले एकही तिला आठवेना.

"हो," ती म्हणाली.

झाकण धाडकन मिटले. राजा खाली पडला. आतली खळखळ थांबली, आणि साऱ्या राज्यात डोक्याडोक्यांवरचे तुरे वाळक्या गवतासारखे झडून गेले. खांब उतरू लागले. मोठमोठी माणसे हळूहळू आपल्या दारांशी येऊन टेकली. त्यांना चालता येत नव्हते. भिंत धरून धरून ती उभी राहिली. कुणाला बायकोचे केस पांढरे दिसले, कुणाला घर पडलेले दिसले. एकाला आपली मुलगी ओळखता आली नाही, त्याने तिला नाव विचारले, आणि तिने सांगितले.

पुढे राज्याची घडी बसली. चिंचेखाली वर्ग भरू लागले, कारण शिकवणारे आणि शिकणारे आता दोघेही मातीतच होते. पुढच्या परिषदेला शेजाऱ्यांनी या राज्यातल्या सगळ्या पंडितांना दाराशी जोड्यांजवळ बसवले. तिथून सगळे नीट ऐकू येत होते, असे ते परत येऊन म्हणाले. पुष्करभटाने माळावर पाणी शोधून दिले आणि विहिरींचे दोर विहिरींना परत गेले. राजाने त्याला आचार्य करायचे ठरवले आणि पेटी उघडायला घेतली. ती उघडली नाही. राजाने फार जोर केला नाही.

पण हे सगळे नंतरचे. त्या दसऱ्याच्या संध्याकाळी कुमुद्वतीने घरात दोन पाने मांडली. दोघे समोरासमोर बसली. एवढे साचलेले होते की कुठून सुरुवात करावी हे दोघांनाही कळेना, आणि एकमेकांसमोर बसायची सवयही गेलेली. ती खाली पाहत होती. तो भिंतीकडे पाहत होता. बराच वेळ कुणीच घास उचलला नाही. मग पुष्करभटाने हात पुढे केला आणि तिच्या पानात मीठ वाढले, आणि ती जेवू लागली.

कुमुद्वतीच्या घरी दुसरे पान मांडले गेले, तसे जे जे कुणाची वाट पाहत एकटे जेवतात, त्यांच्या घरीही मांडले जावो.